केंद्रात खुर्ची मिळाली, सीमाभागाला काय मिळाले?

प्रादेशिक पक्षांनी केंद्रातल्या सत्तेत वाटा घ्यावा की नाही, यावर अजून तात्त्विक काथ्याकूट चालू असतो आणि तो ऐकून बेळगावात राहणाऱ्या माझ्यासारख्या माणसाचे डोके भणाणून जाते. राज्यांच्या सीमा बदलण्याचा अधिकार घटनेच्या तिसऱ्या कलमाने संसदेला दिला आहे. त्यामुळे दिल्लीशी संबंध नको म्हणणाऱ्या पक्षाचा आम्हाला काडीचाही उपयोग नाही. सत्तेत जायलाच हवे. पण गेलात कशासाठी आणि आमच्या पदरात काय टाकलेत, याचा हिशेब कोणी देणार आहे का?

१ नोव्हेंबर २०१४ रोजी बेळगावचे अधिकृतरीत्या ‘बेळगावी’ झाले. ज्या दिवशी आम्ही १९५६ पासूनच्या अन्यायाचा काळा दिन पाळतो, नेमका तोच दिवस त्यासाठी निवडला गेला. या नामांतराला केंद्रीय गृह मंत्रालयाने मान्यता दिली तेव्हा शिवसेनेचे १८ खासदार सत्ताधारी आघाडीत होते आणि अनंत गीते केंद्रात अवजड उद्योग मंत्री होते. १९६९ मध्ये ज्या पक्षाने सीमाप्रश्नावर मुंबईत आंदोलन छेडले आणि ज्याच्या कार्यकर्त्यांनी त्यात प्राण गमावले, त्या पक्षाला या निर्णयावर मंत्रिपद सोडावेसे वाटले नाही. त्यानंतर आठच दिवसांनी, मंत्रिमंडळ विस्ताराच्या दिवशी, मंत्रिपदाची शपथ घ्यायला गेलेल्या शिवसेनेच्या अनिल देसाईंना पक्षाने दिल्लीच्या विमानतळावरून माघारी बोलावले. पण तो रुसवा महाराष्ट्रातल्या सत्तेच्या वाटपावरून होता. २०१९ मध्ये अरविंद सावंतांनी केंद्रातले मंत्रिपद सोडले, तेही मुख्यमंत्रिपदाच्या वादात. राजीनाम्याचे हत्यार हाताशी होते, ते आमच्यासाठी एकदाही बाहेर निघाले नाही, हे मला सहन होत नाही.

२०१४ मध्ये भाजपचे स्वतःचे बहुमत होते, मग सेना काय करणार होती, असा बचाव केला जातो. दबाव टाकण्याची ताकद नसेल तर निदान बाहेर पडता येते. आंध्र प्रदेशाला विशेष दर्जा देण्याच्या मागणीवरून तेलुगू देसमचे मंत्री मार्च २०१८ मध्ये त्याच सरकारमधून बाहेर पडले होते. आणि ताकद असते तेव्हा काय करायचे, हे द्रमुकने २००४ मध्येच दाखवून दिले होते. १६ खासदारांच्या त्या पक्षाने महत्त्वाची खाती तर घेतलीच, शिवाय तमिळला अभिजात दर्जा देण्याचे वचन आघाडीच्या किमान समान कार्यक्रमात लिहून घेतले आणि त्याच वर्षी ते पूर्णही करून घेतले. मराठीच्या अभिजात दर्जाचा अहवाल २०१३ मध्ये तयार होता; दर्जा मिळायला ऑक्टोबर २०२४ उजाडला.

इकडे आमचे रोजचे जगणे काय आहे? माझ्या चुलत्यांच्या जमिनीचा उतारा फक्त कानडीत निघतो. नाव बरोबर लागले आहे का, बोजा उतरला आहे का, हे कळायला त्यांना कार्यालयाबाहेर अर्ज लिहिणाऱ्याला पैसे देऊन स्वतःच्याच जमिनीचा कागद वाचून घ्यावा लागतो. मराठीत अर्ज दिला तर तो खिडकीतूनच परत येतो. जिथे भाषिक अल्पसंख्याक १५ टक्क्यांहून अधिक आहेत तिथे महत्त्वाच्या सूचना आणि नियम त्यांच्या भाषेत प्रसिद्ध करावेत, असे ठरून कित्येक दशके लोटली. त्यावर देखरेख ठेवणारा भाषिक अल्पसंख्याक आयुक्त घटनेच्या ३५०-ब कलमाखाली राष्ट्रपती नेमतात, म्हणजे हे पद केंद्राचेच आहे. त्या आयुक्ताच्या शिफारशी कर्नाटकाकडून पाळून घ्या, एवढी अट घालायला अवजड उद्योग खात्याची गरज नव्हती.

आज परिस्थिती बदलली आहे. २०२४ मध्ये भाजप २४० वर अडला आणि आता एकेका मित्रपक्षाची गरज आहे. तेलुगू देसमच्या पाठिंब्यानंतर पहिल्याच अर्थसंकल्पात अमरावतीसाठी १५,००० कोटींची घोषणा झाली. शिंदे यांच्या शिवसेनेच्या सात खासदारांचे वजन तेलुगू देसमच्या सोळांइतके नाही, हे मान्य. पण सात खासदारांच्या बदल्यात एक स्वतंत्र प्रभाराचे राज्यमंत्रिपद मिळाले. त्या वाटाघाटींच्या वेळी सीमाभागातल्या ८६५ गावांचा विषय कोणी टेबलावर ठेवला होता का, ठेवला असेल तर त्याचा कागद दाखवा, आणि नसेल तर पुढच्या १ नोव्हेंबरला आमच्या काळ्या दिनाला पाठिंब्याची पत्रके पाठवू नका.