ठिपके गेले म्हणजे मासा बरा झाला असं नाही

पाऊस लागला किंवा थंडी पडली की फिशटँकवाल्यांचा एक फॉरवर्ड हमखास फिरायला लागतो. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर गेल्या महिन्यात तो तीनदा आला. सारांश असा: माशाच्या अंगावर पांढरे ठिपके दिसले, मासा सुस्त झाला, तर टाकीतलं सगळं पाणी फेकून द्या. टाकी आणि फिल्टर नळाखाली स्वच्छ धुवा. नव्या पाण्यात मूठभर जाड मीठ, चिमूटभर हळद, निळ्या औषधाचे दहा थेंब आणि टेट्रासायक्लिनची एक कॅप्सूल फोडून टाका. दोन दिवसांत मासा ठणठणीत. खाली पुरवणी: एवढं करूनही मासा गेला तर वाईट वाटून घेऊ नका, त्याने घरावरचं संकट स्वतःच्या अंगावर घेतलं. आणि त्याखाली लगेच कोणीतरी लिहितंच, "शंभर टक्के खरं, आमचा अनुभव आहे."

मला त्या अनुभवाबद्दलच आधी बोलायचंय, कारण तो खोटा नाही. ठिपके खरोखरच काही दिवसांत जातात. मीठ घातलं तरी जातात, हळद घातली तरी जातात आणि टाकीसमोर नुसते हात जोडून बसलात तरी जातात.

ठिपका म्हणजे एक एकपेशीय परजीवी, इक्थियोफ्थिरियस मल्टिफिलिस. दुकानात याला 'इच' किंवा 'व्हाइट स्पॉट' म्हणतात. लॅटिन-ग्रीक नावाचा अर्थ साधारण 'पुष्कळ लेकरांची माशावरची ऊ' असा होतो, आणि नाव ठेवणाऱ्याने ते विचार करून ठेवलंय. हा जीव माशाच्या कातडीच्या वरच्या थराखाली घुसून तिथे खातो, फुगतो. तो फुगवटा आपल्याला साखरेच्या दाण्यासारखा दिसतो. पाणी २५-२६ अंश असेल तर चार-पाच दिवसांत, कधी आठवड्याने, त्याचं पोट भरतं आणि तो आपण होऊन माशावरून सुटतो. खाली वाळूवर, काचेवर, झाडाच्या पानावर चिकटतो, स्वतःभोवती कवच करतो आणि आत विभागत सुटतो. एकाचे काहीशे, कधी हजारपर्यंत. ही पिल्लं कवच फोडून बाहेर पडतात आणि मासा शोधत पोहतात. कोमट पाण्यात त्यांच्याकडे एक-दोन दिवसच असतात. तेवढ्यात मासा सापडला नाही तर मरतात.

म्हणजे ज्या दिवशी ग्रुपवर "बरा झाला" असं लिहिलं जातं, त्या दिवशी रोग माशावरून उतरून वाळूत बाळंत होत असतो. पुढच्या आठवड्यात पाच ठिपक्यांचे पन्नास होतात, तेव्हा त्या फॉरवर्डची आठवण कोणाला राहत नाही. आता बाकीचे मुद्दे.

"पांढरे ठिपके म्हणजे हाच आजार." बहुतेकदा हो, नेहमी नाही. गोल्डफिशच्या गालावर, म्हणजे कल्ल्यांच्या झाकणावर, आणि पुढच्या परांच्या कडेवर ओळीत बारीक पांढरे कण असतील, बाकी अंग स्वच्छ असेल आणि तो दुसऱ्या माशाच्या मागे धावत असेल, तर तुमचा मासा नर आहे आणि वयात आलाय, एवढंच. आमच्या शेजारच्या मुलाने अशा धडधाकट नवरदेवाला आठवडाभर औषधात बुडवून ठेवलं होतं. दुसरीकडे, तोंडाभोवती किंवा पाठीवर खोगिरासारखा पांढरट, कापसासारखा पट्टा दिसला तर सगळे त्याला 'फंगस' म्हणतात. पुष्कळदा तो जिवाणू असतो, कॉलम्नारिस. हा फरक पंडिती नाही. व्हाइट स्पॉट असेल तर पाणी गरम केलं की माशाला फायदा होतो, कॉलम्नारिसला त्याच गरम पाण्यात जोर चढतो. म्हणून औषधाआधी टॉर्च लावून दहा मिनिटं बघा. ठिपका सुटा, गोल, परांवरसुद्धा आहे का? मासा दगडावर अंग घासतोय का?

"मासा सुस्त झाला, वर येऊन तोंड उघडतोय, म्हणजे आजारी." एकच मासा तसं करत असेल तर आजाराचा संशय घ्या. सगळेच एकदम वर आले असतील तर आधी पाण्याकडे बघा. रात्री चार तास वीज गेली होती का? एअरपंप बंद पडलाय का? वाळूखाली मेलेला मासा किंवा उरलेलं खाणं कुजतंय का? थेंबांचं टेस्ट किट काढून अमोनिया आणि नायट्राइट मोजा. दोन्ही शून्य हवेत. नायट्राइट वाढलं की माशाच्या रक्ताला प्राणवायू वाहून नेता येत नाही. पाण्यात भरपूर हवा असूनही तो गुदमरतो. अमोनियाचं विषारी रूप किती, हे पीएचवर ठरतं. पीएच ७ चा ८ झाला की तो विषारी भाग जवळपास दहापट होतो. किट महाग वाटतं, पण मेलेल्या माशांचा हिशेब मांडलात तर वाटणार नाही.

"सगळं पाणी बदला, टाकी-फिल्टर धुवा." या फॉरवर्डमधलं सर्वात घातक वाक्य हे. माझ्या पहिल्याच वर्षी एका दुकानदाराच्या सांगण्यावरून मी फिल्टरचा स्पंज नळाखाली अगदी पांढराशुभ्र होईपर्यंत पिळला होता. चौथ्या दिवशी अकरापैकी सात प्लॅटी तरंगत होते, आणि मी मात्र ठिपक्यांचं औषध वाढवत बसलो होतो.

त्या मळकट स्पंजावर जिवाणूंची वस्ती असते. माशांच्या विष्ठेतून, कल्ल्यांतून येणाऱ्या अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं बऱ्यापैकी निरुपद्रवी नायट्रेट तेच करतात. ही वस्ती बसायला चार ते सहा आठवडे लागतात. महापालिकेच्या पाण्यातलं क्लोरीन ती मारायलाच घातलेलं असतं, असं समजा. पावसाळ्यात तर नळ उघडला की वास येतो. आधीच कल्ल्यांना परजीवी लागलेला मासा, वर क्लोरीन, वर तापमानाचा झटका आणि दोन दिवसांनी अमोनिया. मग मीठ कमी पडलं म्हणायचं.

पाणी बदलायचंच, पण चौथा हिस्सा किंवा तिसरा. अँटीक्लोरीन (क्लोरीन काढणारे थेंब) घालून, टाकीइतकंच कोमट करून. सायफनने वाळूचा तळ ओढून काढा. कवचातले जीव तिथेच असतात, त्यामुळे हे काम औषधाइतकंच मोलाचं आहे. आजार चालू असेपर्यंत एक दिवसाआड करा. स्पंज घाण झाला असेल तर टाकीतून काढलेल्याच पाण्यात दोनदा दाबा आणि परत लावा. साबण कशालाच नको.

"मूठभर मीठ." मीठ हे चांगलं औषध आहे, मूठ हे वाईट माप. माझी मूठभर जाड मीठ काट्यावर ४५ ग्रॅम भरली. दोन फुटी टाकीत, वाळू-दगड वजा जाता, साधारण ४५ लिटर पाणी राहतं. म्हणजे लिटरला एक ग्रॅम: नायट्राइटपासून थोडं संरक्षण मिळेल, व्हाइट स्पॉटला काही होणार नाही. तीच मूठ पाच लिटरच्या भांड्यात टाकली तर लिटरला नऊ ग्रॅम. हे दहा-पंधरा मिनिटांच्या डुबकीचं प्रमाण झालं, मुक्कामाचं नाही. व्हाइट स्पॉटसाठी लिटरला २ ते ३ ग्रॅम, तेही दोन दिवसांत थोडंथोडं विरघळवून. गप्पी, मॉली, गोल्डफिश ते निभावतात. कोरी, लोच यांसारखे तळाचे मासे आणि झाडं यांना ते जड जातं. आणि मीठ उडून जात नाही. आटलेलं पाणी भरताना परत मूठ टाकू नका. (आयोडीनयुक्त मीठ विषारी असतं ही वेगळी अफवा आहे, तीही सोडून द्या.)

हळदीबद्दल एवढंच, की ती पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. स्पंजात बसते.

"निळं औषध." मेथिलीन ब्लू. अंड्यांवरच्या बुरशीला आणि नायट्राइटच्या विषबाधेला ते उपयोगी आहे, पण वेगळ्या बादलीत. मुख्य टाकीत ते फिल्टरच्या वस्तीला मारतं आणि काचेच्या सांध्यांचं सिलिकॉन कायमचं निळं करून ठेवतं. व्हाइट स्पॉटवर मॅलाकाइट ग्रीन आणि फॉर्मॅलिनच्या मिश्रणाची बाटली जास्त खात्रीची. लेबलवरचं प्रमाण आपल्या लिटरमध्ये मोजा, फिल्टरमधला कोळसा काढून ठेवा नाहीतर तो औषध शोषून घेईल, आणि एअरपंप पूर्ण सोडा, कारण फॉर्मॅलिन पाण्यातला प्राणवायू कमी करतं. कातडीखालच्या जिवाला कुठलंच औषध लागू पडत नाही. फक्त पोहणाऱ्या पिल्लांना लागू पडतं. म्हणून हीटर लावून दर काही तासांनी एकेक अंश चढवत पाणी २९-३० पर्यंत न्यायचं, म्हणजे कातडीखालचे जीव लवकर बाहेर येतात, आणि शेवटचा ठिपका गेल्यावरही आठवडाभर उपचार चालू ठेवायचा. दोन दिवसांचं औषध हे जवळजवळ न दिल्यासारखंच.

"टेट्रासायक्लिनची कॅप्सूल." प्रतिजैविक जिवाणूंवर चालतं, व्हाइट स्पॉटचा जीव जिवाणू नाही. चालणार असतं तरी बोअरच्या किंवा टँकरच्या जड पाण्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम त्याला पकडून ठेवतं. उरलेलं उजेडात बिघडून पाणी लालसर-तपकिरी करतं, आणि लोकांना वाटतं औषध उतरलं. बरं, हे चिठ्ठीवर मिळायचं औषध आहे. ते अंदाजाने टाकीत आणि मग गटारात ओतून आपण नेमके कोणते जंतू तयार करतोय?

"मासा गेला, त्याने संकट अंगावर घेतलं." श्रद्धेशी मी भांडणार नाही. वास्तूसाठी शुभ म्हणून ठेवतात तो फ्लॉवरहॉर्न हा १९९० च्या दशकात मलेशियात संकरातून घडवलेला मासा आहे. तो आपल्या वास्तुशास्त्रात कधी शिरला हे एकदा कोणीतरी सांगावं, इतकंच. माझा आक्षेप त्यानंतरच्या संध्याकाळवर आहे. संकट टळलं म्हणून कोणी पाणी मोजत नाही, हीटर तपासत नाही, आणि त्याच दिवशी नवा मासा आणून त्याच पाण्यात सोडतात. व्हाइट स्पॉटने सगळे मासे गेले असतील तर दुकानात जाऊ नका. फिल्टर आणि हीटर चालू ठेवून टाकी २८ अंशांवर दोन आठवडे माशाविना चालू द्या, रोज चिमूटभर खाणं टाका म्हणजे स्पंजावरची वस्ती उपाशी राहणार नाही. पिल्लं मासा शोधून शोधून मरतील. नवा मासाही आधी दोन-तीन आठवडे वेगळ्या टबात ठेवा, त्यालाही स्वतःचा स्पंज फिल्टर लावून.