‘व्याकरण रद्दीत घाला’ म्हणणाऱ्यांना, इंदूरहून

आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर भाच्याने परवा एक फॉरवर्ड टाकला. खाली लिहिलं, ‘मावशी, हे खास तुझ्यासाठी.’ मी दोन वर्षं घरीच, एकटीने स्पॅनिश शिकतेय. व्याकरणाचं पुस्तक, वही आणि रूपं घोकणं. फॉरवर्डचं म्हणणं असं: लहान मूल व्याकरण न शिकताच बोलतं, घोकंपट्टीने माणसाचा पोपट होतो, तेव्हा पुस्तक रद्दीत घाला आणि तीन महिने स्पॅनिश मालिका बघा, आपोआप बोलायला लागाल.

मालिकांचं आधी उरकते, तिथे नुसता हिशेब आहे. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची संस्था आपल्या अधिकाऱ्यांना भाषा शिकवते. इंग्रजी बोलणाऱ्याला स्पॅनिश सोप्या गटात धरतात, तरी कामापुरती यायला ६०० ते ७५० तासांचे वर्ग लागतात. रोज तासभर मालिका, तीन महिने, म्हणजे ९० तास. तेही सोफ्यावर लोळून.

मुलाची गोष्ट वेगळी. मूल दिवसभर भाषेत बुडालेलं असतं, त्याला दुसरं काम नसतं. इथे इंदूरच्या रामबागेत माझ्याशी स्पॅनिश कोण बोलणार? सकाळी पोहे-जिलेबी घ्यायला गेलं की हिंदी, घरात शिरलं की मराठी.

आणि हिंदीचंच घ्या ना. इंदूरच्या आपल्या मराठी घरांत हिंदी शिकली कुठे? रस्त्यावर, दुकानात, शेजारी. फॉरवर्डवाल्याला हवा तसाच प्रयोग, तोही पिढ्यानपिढ्या चाललेला. माझी आजी साठ वर्षं न अडखळता हिंदी बोलली, भाजीवाल्याशी भांडून कधी हरली नाही. पण शेवटपर्यंत ‘चाय ठंडा हो गया’ आणि ‘मेरा पुस्तक’. मराठीत तो चहा, ते पुस्तक. हिंदीत दोन्ही स्त्रीलिंगी. ‘चाय ठंडी’ तिच्या कानावर हजारदा पडलं असेल. पण समोरच्याला कळत होतं, चहा गरम करून मिळत होता, मग कान कशाला टवकारेल? कॅनडातही असंच दिसलं. इंग्रजी घरातल्या मुलांना शाळेत फ्रेंचमधून विषय शिकवले. काही वर्षांनी त्यांना ऐकलेलं उत्तम समजे, पण बोलताना लिंगाच्या आणि क्रियापदांच्या चुका तशाच. त्यावरून भाषाशिक्षणाच्या अभ्यासक मेरिल स्वेन यांनी १९८५ मध्ये मांडलं की नुसतं ऐकून भागत नाही, वाक्य स्वतः घडवावं लागतं. पुढे २००० साली नॉरिस आणि ओर्तेगा या संशोधकांनी ४९ अभ्यास एकत्र तपासले, त्यातही नियम उघड सांगून शिकवणं सरस ठरलं. (त्यातल्या बऱ्याच चाचण्या नियम पाठ असणाऱ्याच्या सोयीच्या होत्या, हा आक्षेप मात्र मला पटतो.)

पोपटाचा मुद्दा अर्धा खरा आहे. सुरुवातीला मीही ‘आब्लो, आब्लास, आब्ला’ ही ‘बोलणे’ची रूपं ‘रामः रामौ रामाः’च्या चालीवर म्हणायचे. ऑनलाइन भेटणाऱ्या मेक्सिकन बाईंनी साधं काही विचारलं की मनातल्या मनात रांग पहिल्यापासून सुरू, हवं ते रूप येईपर्यंत त्या पुढच्या प्रश्नावर. दोष सरावाच्या पद्धतीचा होता. आता पुस्तक मिटून एकच वाक्य तोंडाने फिरवते: आईशी बोलते, काल बोलले, उद्या बोलेन, तू बोललास का. आणि त्या सरावातूनच कान उघडला. ‘आब्लो’मध्ये जोर पहिल्या अक्षरावर असेल तर ‘मी बोलते’, शेवटच्यावर असेल तर ‘तो बोलला’. देवनागरीत दोन्ही सारखंच दिसतं, आणि मालिकेचे कित्येक भाग मला सारखंच ऐकूही येत होतं.

राहिलं व्याकरण. मराठी माणसाला तर ती जवळची वाट आहे. इंग्रजीतून शिकवणारं अ‍ॅप सांगतं, ‘मे गुस्ता’ म्हणजे ‘आय लाइक’. मग ‘मे गुस्तान लोस मांगोस’मधला तो ‘न’ कुठून उपटला? पुस्तक उघडलं तर कळलं, क्रियापद आंब्यांप्रमाणे बदलतं. अहो, म्हणजे ‘मला आंबे आवडतात’! तसंच आपण ‘घर बघते’ म्हणतो, पण ‘आईला बघते’. स्पॅनिशमध्ये ‘बेओ ला कासा’ (हा ‘ला’ म्हणजे इंग्रजीतला ‘द’), पण ‘बेओ आ मि माद्रे’. माणूस आला की तो ‘आ’ आपल्या मराठी ‘ला’सारखा मध्ये येतो. एका संध्याकाळचं काम होतं ते.

भाच्याला एवढं सगळं लिहून पाठवलं. त्याचा प्रश्न आला, ‘मग मालिका बघू नको म्हणतेस?’ बघतेच की रोज रात्री, वही मांडीवर घेऊन. परवा त्या मेक्सिकन बाईंशी बोलताना ‘ला प्रोब्लेमा’ निघून गेलं. शब्द ‘आ’कारान्त, म्हणून मी स्त्रीलिंगी ‘ला’ लावला, पण तो पुल्लिंगी: ‘एल प्रोब्लेमा’. बाईंना अर्थ कळला, त्या काही बोलल्या नाहीत. फोन ठेवला आणि ‘एल प्रोब्लेमा’ची वीस वाक्यं फिरवली. तोवर चहा ठंडा.