तेझुकांचे लघुपट राहिलेच की!

जपानी ॲनिमेशनकार ओसामु तेझुकांवरचा तुमचा लेख झकास, पण त्यांचं नाव निघालं की गाडी दरवेळी ‘ॲस्ट्रो बॉय’ या त्यांच्या गाजलेल्या मालिकेवरच येऊन थांबते. त्यांचे प्रयोगशील लघुपट कुणी बघतं की नाही? १९८४चा ‘जंपिंग’च घ्या. जेमतेम सहा मिनिटांचा, सलग एकच शॉट. उड्या मारणारा दिसतच नाही, त्याचे डोळे म्हणजे आपणच. आधी रस्त्यावर टुणटुण, मग घरांवरून, समुद्रापार, थेट युद्धात आणि तिथून नरकात! ‘ब्रोकन डाउन फिल्म’मध्ये (१९८५) तर जुनाट, खराब झालेलं रीळ हाच विनोद. फ्रेम सरकते आणि काउबॉय बिचारा वरच्या चौकटीत चढायला बघतो. हसून हसून पुरेवाट! झाग्रेब आणि हिरोशिमाच्या ॲनिमेशन महोत्सवांत अनुक्रमे दोघांनाही ग्रांप्री, म्हणजे सर्वोच्च पारितोषिक, मिळालंय. मला विचाराल तर मालिकांपेक्षा इथले तेझुका जास्त खोडकर आहेत.