रेणू तोच, तरी औषध तेच का नाही? : एका प्रतिक्रियेला उत्तर

सस्नेह नमस्कार.

रेणू तोच असला तरी स्फटिकाचे रूप बदलले की औषध वेगळे वागते, असे सांगणारा माझा लेख वाचून आपण सविस्तर लिहिलेत, त्याबद्दल आभार. आपले आक्षेप तीन आहेत. मी ‘आकार’ हा शब्द ढिसाळपणे वापरला. गोळी पोटात विरघळल्यावर स्फटिक उरतच नाही, तेव्हा त्याच्या रूपाचे एवढे कौतुक कशाला. आणि हे सारे प्रकरण पेटंटची मुदत लांबवण्यासाठी कंपन्यांनी उभे केले आहे.

पहिला आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. स्फटिक बाहेरून सुईसारखा दिसतो की ठोकळ्यासारखा, ही एक गोष्ट. त्याच्या आत रेणू कसे रचले गेले आहेत, ही दुसरी. आयबुप्रोफेन या वेदनाशामकाचे स्फटिक हेक्झेन या द्रावकातून काढले तर लांब सुया मिळतात, मेथॅनॉलमधून काढले तर त्यामानाने ठेंगणे, आटोपशीर दाणे. आतली रचनाच बदलली तर तिला बहुरूपता म्हणतात, आणि मग वितळणबिंदू, घनता, विद्राव्यता (विरघळण्याची क्षमता) हे सगळेच बदलते. मी या दोन्ही गोष्टी एकाच वाक्यात कोंबल्या होत्या. ते वाक्य आता दुरुस्त केले आहे.

बाह्य आकार मात्र त्यामुळे क्षुल्लक ठरत नाही. नोकरीच्या सुरुवातीला मी गोळ्यांच्या उत्पादन विभागात असताना नव्या पुरवठादाराचा माल शुद्धतेच्या सर्व चाचण्यांत उत्तीर्ण झाला आणि यंत्रावर चढवल्यावर अर्ध्या तासात हॉपरमध्येच, म्हणजे भुकटी ओतायच्या नरसाळ्यातच, अडकून बसला. भुकटी डायमध्ये, म्हणजे गोळीच्या साच्यात, कधी जास्त, कधी कमी पडू लागली आणि गोळ्यांची वजने हलू लागली. हॉपरला बाहेरून रबरी हातोडीने ठोकत राहणे हा आमचा पिढीजात उपाय, तोही थकला. शेवटी चिमूटभर भुकटी सूक्ष्मदर्शकाखाली धरली, तेव्हा काटक्यांच्या भाऱ्यासारख्या एकमेकींत गुंतलेल्या सुया दिसल्या. रसायन निर्दोष होते, पण गोळीचे वजन हलले की मात्रा हलते, आणि ती रुग्णाच्या पोटात जाते.

आतल्या रचनेचा परिणाम पॅरासिटामॉलमध्ये चांगला दिसतो. त्याच्या नेहमीच्या, स्थिर रूपात रेणूंचे थर पन्हळी पत्र्यांसारखे एकमेकांत बसलेले असतात आणि दाब दिला तरी सहजी घसरत नाहीत. त्यामुळे नुसत्या पॅरासिटामॉलची गोळी दाबली तर तिची वरची चकती टोपीसारखी सुटून येते. कारखान्यात याला ‘कॅपिंग’ म्हणतात. दुसऱ्या रूपात थर सपाट असतात, दाबाखाली सरकतात आणि गोळी उत्तम बसते. पण ते रूप अस्थिर असून पहिल्यात बदलू शकते, म्हणून बंधक (भुकटी चिकटून राहावी यासाठीची) द्रव्ये घालून त्या हट्टी पहिल्या रूपाशीच जुळवून घेतले जाते.

आता दुसरा आक्षेप. विरघळलेल्या रेणूला आपण कोणत्या स्फटिकातून आलो याची आठवण नसते, हे आपले म्हणणे बरोबर आहे. पण सगळी मेख ‘विरघळल्यावर’ या शब्दात आहे. पाण्यात कमी विरघळणारे औषध आतड्यातून पुढे सरकण्याआधी किती विरघळले, यावर रक्तात किती पोहोचणार हे ठरते. स्थिर रूपातले रेणू एकमेकांना अधिक घट्ट धरून असतात, म्हणून ते रूप कमी विरघळते. याचे एक महागडे उदाहरण म्हणजे एचआयव्हीवरील रिटोनाविर. अ‍ॅबट कंपनीचे हे औषध १९९६ मध्ये बाजारात आले, तेव्हा त्याचे एकच स्फटिकरूप माहीत होते. १९९८ मध्ये कॅप्सूल विद्रावण चाचणीत, म्हणजे औषध ठरल्या वेळात पुरेसे विरघळते का या चाचणीत, नापास होऊ लागल्या, कारण आतील द्रावणातून कित्येक पटींनी कमी विरघळणारे, अधिक स्थिर असे दुसरेच रूप साका बनून बसत होते. कॅप्सूल बाजारातून काढून घ्याव्या लागल्या आणि रुग्णांना काही काळ अतिशय वाईट चवीच्या द्रवरूप औषधावर राहावे लागले. रेणूत एका अणूचाही फरक नव्हता.

तिसऱ्या आक्षेपात तथ्य आहे, आणि मूळ लेखात त्याचा उल्लेख नव्हता ही उणीवच. इमॅटिनिब मेसिलेट या कर्करोगावरील औषधाच्या ‘बीटा’ स्फटिकरूपावर नोवार्टिसने भारतात पेटंट मागितले होते. १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पेटंट कायद्याच्या कलम ३(ड) च्या आधारे (ज्ञात पदार्थाच्या नव्या रूपाची परिणामकारकता वाढत नसेल तर पेटंट नाही, असे हे कलम) ती मागणी फेटाळली. या रूपाची भुकटी अधिक चांगली वाहते, ते अधिक स्थिर आहे, आर्द्रता कमी शोषते, असे कंपनीचे म्हणणे होते. न्यायालयाने हे गुण खोटे ठरवले नाहीत. रोगावरील परिणामकारकतेशी त्यांचा संबंध नाही, एवढेच म्हटले. मला हा भेद योग्य वाटतो. माझ्या हॉपरचा प्रश्न सुटणे ही सोय खरी, पण तेवढ्यावर रुग्णाकडून आणखी वीस वर्षे मक्तेदारीची किंमत वसूल करणे न्याय्य नाही. मात्र स्फटिकरूपाचे महत्त्वच कंपन्यांनी रचले, हे रिटोनाविरपुढे टिकत नाही. तिथे फटका कंपनीलाच बसला होता.

‘मग जेनेरिक औषधांवर विश्वास ठेवायचा की नाही?’ असेही आपण शेवटी विचारले आहे. माझ्या लेखातून तसा संशय निर्माण झाला असेल तर तो माझ्या मांडणीचा दोष. जेनेरिक उत्पादकाने वेगळे स्फटिकरूप वापरले, तरी ते औषध रक्तात मूळ औषधाइतकेच आणि तितक्याच वेगाने पोहोचते का, हे जैवसमतुल्यता चाचणीत तपासता येते. विद्राव्यता आणि आतड्यातून होणारे शोषण यांवरून औषधांचे चार वर्ग करतात; त्यांतील कमी विद्राव्यतेच्या, म्हणजे दुसऱ्या व चौथ्या वर्गातील औषधांसाठी २०१७ च्या नियमदुरुस्तीने आपल्याकडे ही चाचणी बंधनकारक केली. स्फटिकरूपाची सर्वाधिक खोडी याच दोन वर्गांत असते.