चुंबक चिकटला म्हणून सिंक नकली ठरत नाही

शहापुरात सिंक-नळाच्या दुकानात बसतो मी. दसऱ्याच्या आधी एक काकू नातवाच्या जुन्या स्पीकरमधला चुंबक पर्समध्ये घालूनच आल्या. सिंकच्या सपाट काठाला लावला, तो पडला. आतल्या कोपऱ्याला लावला, त्यानं हलकंसं धरलं. "बघा, नकली की हो हे!"

व्हॉट्सॲपवर फिरणारा तो निरोप तुम्हालाही आला असेलच. अस्सल स्टीलला चुंबक चिकटत नाही आणि गंज कधीच चढत नाही. चढलाच, तर मीठ-लिंबू लावून रात्रभर ठेवा. नाहीतर सोडा-व्हिनेगरचा फेस करा. तरीही नाही निघालं, तर संडास धुवायचं ॲसिड. आमच्या भिशीच्या ग्रुपवर तो दोनदा आला.

आधी चुंबकाचं बघू. चांगल्या सिंकला लागतं ते ३०४ नंबरचं स्टेनलेस स्टील, म्हणजे साधारण १८ टक्के क्रोमियम, ८ टक्के निकेल. सपाट पत्र्याला चुंबक धरत नाही, हे खरं. पण तोच पत्रा प्रेसखाली खोल ओढून सिंकचं भांडं केलं, की कोपऱ्यात त्याची आतली रचना बदलते आणि तिथं चुंबक थोडा धरतो. माल तोच, ओढ बसलेली. ४३० ला तर चुंबक घट्ट बसतो, तरी तेही स्टेनलेसच. निकेल नसल्यानं स्वस्त. आणि खरी गंमत २०२ ची. निकेल कमी करून मँगनीज वाढवलेला हा माल ३०४ पेक्षा लवकर डागतो, पण पत्र्याला चुंबक चिकटत नाही. म्हणजे ज्याला पकडायचं तोच या परीक्षेत पास.

गंजाचं म्हणाल, तर स्टेनलेसला राखते ती क्रोमियमची एक पापुद्र्यासारखी परत. केसाच्या हजाराव्या भागाहूनही पातळ. ओरखडा आला तरी हवा लागली, की ती आपोआप पुन्हा धरते. तिचा खरा वैरी म्हणजे मिठातलं क्लोराईड. ते एका जागी ओलं बसून राहिलं, की तो पापुद्रा फोडून टाचणीच्या टोकाएवढे खड्डे पाडतं. कैरीच्या फोडी मिठात घालून परात सिंकमध्ये ठेवली, खारं पाणी खाली झिरपलं, नाहीतर मीठ लावलेला बांगडा रात्रभर तिथंच राहिला, असल्या सिंकांचे फोटो दर उन्हाळ्यात मला येतात. आणि निरोप सांगतो काय, तर मीठच चोळा, तेही रात्रभर! ब्लीचिंगच्या पाण्यातही क्लोराईडच असतं. त्यात फडकी भिजवायला सिंक वापरू नका.

बरं, तांबूस डाग दिसला म्हणजे सिंक गंजलं असंही नाही. ओला लोखंडी तवा टेकून ठेवला, तारेच्या घासणीचे तुकडे अडकले, की गंज त्यांचा आणि नाव सिंकचं. ओला खायचा सोडा मऊ फडक्यावर घेऊन पत्र्याच्या रेषांच्या दिशेनं चोळा. डाग गेला तर वरचाच होता. नखाला खड्डा लागला तर मात्र तो आतला.

सोडा आणि व्हिनेगर वेगवेगळे कामाचे. एकत्र केले की एकमेकांना मारतात, फेस तेवढा दिसतो.

लिंबाचा उपयोग आहे, पण पांढऱ्या थरासाठी. नळाचं पाणी लांबलं, की गल्लीत बोअर सुरू होते आणि आठवड्याभरात नळाच्या तोंडाशी खडूसारखा चुना धरतो. तोंडाची जाळी फिरवून काढा, व्हिनेगरात अर्धा तास बुडवा, जुन्या ब्रशनं घासा. सिंकला लिंबू दहा मिनिटं पुरे. मग धुवून कोरडं पुसा. नळाच्या अंगावर मात्र लिंबू ठेवून विसरू नका, कारण बहुतेक चकचकीत नळ स्टीलचे नसतातच. आत पितळ, वर क्रोमचा मुलामा. तो उडाला की पिवळं पितळ दिसतं आणि त्याला दुकानात औषध नाही.

ॲसिडबद्दल एवढंच: संडासाच्या बऱ्याच क्लीनरमध्ये हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं, म्हणजे पुन्हा क्लोराईड, वर ॲसिड. त्यात ब्लीच मिसळलं तर क्लोरीनचा विषारी वायू सुटतो. सिंकपेक्षा तुमच्या छातीची काळजी करा.

काकूंना हे सगळं सांगितलं. बिलावर ३०४ लिहून देतो म्हटलं. त्यांनी शेजारचं, ओढून नव्हे तर पत्रे वेल्डिंगनं जोडून केलेलं २०२ चं सिंक चारी बाजूंनी तपासलं, चुंबक कुठंच धरला नाही, आणि तेच रिक्षात घालून नेलं.