गाडीचं गाऱ्हाणं

काल मालवणच्या बाजारात सुरमईचा भाव विचारला, तर मासेवाली म्हणाली, "तुमची गाडी तात्यांनी बरी केल्यांनी म्हणे!"

गाडी तात्यांनी बरी केली नाही. गाडी एका गॅस्केटने, म्हणजे पाइपाच्या सांध्यात बसणाऱ्या चकतीने, बरी झाली. पण हे आता या गावात पटवून कोणाला द्यायचं?

समुद्राकाठी सायलेन्सर दोन्हीकडून मरतो. बाहेरून खारा वारा, आतून पाणी. लिटरभर पेट्रोल जळलं की जवळजवळ तेवढंच पाणी वाफ होऊन निघतं, आणि घर ते बाजार एवढंच फिरणाऱ्या गाडीचा पाइप नीट तापतच नाही. वाफ आतच थिजते, पत्रा कुजवते. माझ्या गाडीचाही तसाच गेला. शोरूममध्ये नव्याचा भाव ऐकून मी खुर्चीत बसलो. वर तो यायलाही चतुर्थी उलटणार होती. चतुर्थीला दारात गाडी नाही म्हटल्यावर मुंबईकर पाहुणे काय बोलतील, ते इथे छापण्यासारखं नाही. म्हणून कोल्हापूरहून पुढचा पाइप आणि सायलेन्सर, दोन्ही बाहेरच्या बनावटीचे मागवले आणि कुडाळ रस्त्यावरच्या मेस्त्रीकडून बसवून घेतले.

लगेच इंजिनाचा पिवळा दिवा लागला. स्कॅनर लावला, कोड आला पी ०१७१. म्हणजे इंजिनाला पेट्रोल कमी पडतंय. इकडे लिटरला अठरा देणारी गाडी अकरावर आलेली आणि मागून पेट्रोलचा वास. उपाशी म्हणून तक्रार करणारी बया खात होती दीडपट! मेस्त्रीने प्लग बदलले, एअर फिल्टर बदलला, शेवटी एक्झॉस्टमधला ऑक्सिजन मोजणारा सेन्सरही बदलला. सगळं माझ्या पैशांनी. दिवा जागचा हलला नाही.

आता तात्या. या गृहस्थांकडे गाडी नाही, स्कूटर नाही, सायकलही नाही. तरी ते रोज सकाळी गॅरेजात येतात, जुन्या बॅटरीवर बसतात आणि मेस्त्रीचा पेपर त्याच्याआधी वाचतात. माझं बॉनेट उघडलं तसा त्यांनी चष्मा कपाळावर चढवला.

"गाडी घेतलास तेवा राखणदाराक नारळ दिलास?"

"दिलंय, तात्यानू."

"कोंबो?"

"नाय."

"माका वाटलाच."

स्कॅनरला जे जमलं नव्हतं, त्याचं निदान अर्ध्या मिनिटात : गाव राखणाऱ्या देवाला कोंबडा पोचला नव्हता. मी मेस्त्रीकडे पाहिलं. ज्याच्या हातात माझे एवढे पैसे गेले होते, तो माणूस नारळ आणायला निघालासुद्धा.

इंजिन चालू ठेवायचं, असा तात्यांचा हुकूम. "आयकाक येवक होया ना तिका!" मग पुढच्या चाकापाशी उदबत्ती पेटवली. पेट्रोलच्या वासात हा इसम काडी ओढतोय हे पाहून हवा भरायला आलेला रिक्षावाला पार रस्त्यापर्यंत मागे सरला. पण साद द्यायला थांबला. गाऱ्हाण्याला माणसं कमी पडू देणं बरं नव्हे.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"ह्या लेकराची जी गाडी तुझ्या पायाशी उभी आसा, तिचो पिवळो दिवो विझव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"अकरार इली ती परत अठरार ने रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" हा मी. सगळ्यांत मोठ्याने.

"सायलेन्सर घाटावरचो आसा, पण परको म्हणान तेका दूर लोटू नुको रे म्हाराजा!"

इथे तात्यांना भरून आलं आणि उदबत्तीचा हात ओवाळत इंजिनाखाली गेला. सरळ चढणारा धूर मॅनिफोल्ड, म्हणजे इंजिनाचा धूर गोळा करणाऱ्या नळ्या, आणि नवा पाइप यांच्या सांध्यापाशी एकदम फट् फट् करत बाजूला उडायला लागला.

"तात्यानू, हात हलवू नकात!" मेस्त्री ओरडला.

सांध्यात फट होती. नवा पाइप लावताना मेस्त्रीने जुनंच दबलेलं गॅस्केट पुन्हा बसवलं होतं. एक्झॉस्टच्या दोन झटक्यांमध्ये तिथे क्षणभर उलटी ओढ तयार होते आणि बाहेरची हवा आत जाते. सेन्सर त्याच्याच खाली. त्याला जादा ऑक्सिजन दिसतो. कॉम्प्युटरला वाटतं, १४.७ भाग हवेला एक भाग पेट्रोल हा हिशेब चुकतोय. म्हणून तो ओततच सुटतो. बिचारा जुना सेन्सर खरं तेच सांगत होता, आणि मी त्याला भंगारात घालवला.

"हायवेन गेला ता गॅस्केट," मेस्त्री म्हणाला. २०११ पासून रुंद होत असलेल्या या मुंबई-गोवा हायवेवर कोकणात काहीही ढकलता येतं. पण ही गाडी पाइप बसवल्यापासून कुडाळच्या पुढे गेलेलीच नव्हती.

नवं गॅस्केट बसलं, कोड पुसला, दिवा विझला. तात्या परत बॅटरीवर जाऊन बसले आणि येईल त्याला सांगू लागले. मेस्त्रीनेही मान डोलावली. का नाही डोलावणार? बाधा होती म्हटलं की जुन्या गॅस्केटबद्दल कोण विचारतो!

नवा सेन्सर परत घ्या म्हटलं तर इलेक्ट्रिकचा माल परत घेत नाहीत. प्लग "जुने झालेच होते". आणि बिलात शेवटची ओळ : नारळ, ५० रुपये.

"मेस्त्री, ह्यो नारळ तुझ्याच मागच्या माडाचो ना?"

"माड माझो," तो शांतपणे म्हणाला, "पण पाडूक माणूस लागता. आणि तात्या इचारीत होते, कोंबो कधी आणतास?"