श्रेणी : सोपी

नाशिकला रविवार कारंज्याजवळ माझं छपाईचं लहानसं दुकान आहे. बावीस वर्षं लग्नपत्रिका छापतोय. 'शुभमुहूर्त दुपारी १२ वाजून ३१ मिनिटे' हे मीच जुळवतो, आणि त्याच लग्नात दीड वाजता नवरदेव मंडपापासून दोन गल्ल्या लांब घोड्यावर बसून मामांचा नाच संपायची वाट बघत असतो, तेही मीच बघतो. 'कृपया आहेर आणू नये' असं खाली छापायचं आणि खिशात पाकीट घालून जेवायला जायचं. छापील अक्षरावर किती भरवसा ठेवावा हे माझ्याइतकं कुणाला कळणार? तरी फसलो. तेही स्वतःच छापलेल्या कागदाला.

दोन वर्षांपूर्वी आषाढात, लग्नसराई आटोपून दुकानात माशा मारायचे दिवस होते, तेव्हा दोन पोरं पेनड्राइव्ह घेऊन आली. गावातल्या एका गिरिभ्रमण क्लबचं पुढच्या चार महिन्यांचं पत्रक छापायचं होतं. 'काका, समाजकार्य आहे, बघून लावा.' बघून लावा म्हणजे काय ते बावीस वर्षांत पाठ झालंय. मी प्रूफ काढलं आणि वाचायला घेतलं. 'गीर्यारोहण'मधली पहिली वेलांटी ऱ्हस्व केली. 'श्रमधान'चं श्रमदान केलं. मग नजर पहिल्या ओळीवर गेली. 'अंजनेरी. श्रेणी : सोपी. सहकुटुंब यावे.'

गिऱ्हाइकाशी काहीतरी गोड बोलावं म्हणून मी म्हटलं, "वा, हे तर मलाही जमेल."

बस्स. त्यातल्या दाढीवाल्या पोरानं माझ्याच काउंटरवरचं माझंच पेन उचललं आणि म्हणाला, "नाव सांगा काका."

जमायची वेळ पहाटे ४:४५, सीबीएस बसस्थानकासमोर, आणि त्यापुढे कंसात 'काटेकोर'. हा कंस मीच छापला होता, त्यामुळे ४:४० ला मी हजर. तिथं चहाची गाडी लावणारा, दोन कुत्री आणि मी. पाच वाजता एक बाई आल्या, त्यांनी मलाच विचारलं, "तुम्ही लीडर का?" पाच-वीसला दाढीवाला लीडर मोटारसायकलवरून उतरला आणि आम्हाला म्हणाला, "चला चला, उशीर होतोय." साडेपाचला गाडी निघाली आणि द्वारका चौकात थांबली, कारण एक जण द्वारकेला उभा होता. त्र्यंबकची वाट कुठे आणि द्वारका कुठे! पण मुहूर्त म्हटला की एवढं चालायचंच.

अंजनेरीला सुरुवातीला पायऱ्या आहेत. पायऱ्या चढणं मला येतं. लेण्यांच्या बाजूनं वर आलो, पठार लागलं, धुकं उतरलेलं, आणि समोर अंजनीमातेचं देऊळ. मी घंटा वाजवली, नमस्कार केला आणि मनातल्या मनात बायकोला फोनही केला की बघ, चार हजार फुटांवर उभा आहे. तेवढ्यात लीडर म्हणाला, "पाणी पिऊन घ्या. आता वर जायचं." वर? धुकं बाजूला झालं तेव्हा कळलं की पठाराच्या मागे अजून एक डोंगर उभा आहे आणि त्याच्या माथ्यावर अजून एक देऊळ आहे. हनुमानाचा जन्म इथला म्हणतात. आईनं पोराला जन्म द्यायला इतक्या वर यावं, मग ते पोर सूर्याकडे झेपावलं यात नवल काय? तिथून सूर्य जवळच पडत असणार.

तळ्याच्या पुढे गेल्यावर गवतात चार-पाच माणसं पालथी पडलेली दिसली. मला वाटलं, झालं, माणसं पडायला लागली. आपणही पडायला आता हरकत नाही. म्हणून मोकळी जागा बघून मी बसायला वाकलो, तर पाच जण एकदम ओरडले, "काका, बसू नका!" मी तसाच अर्धवट वाकून राहिलो. माझ्या विजारीखाली, गवताच्या काड्यांमध्ये, बोटभर उंचीचं एक फूल होतं. कंदिलासारखं. त्याच्या शास्त्रीय नावातच अंजनेरी आहे, सेरोपेजिया अंजनेरिका, आणि दुसरीकडे ते जवळपास कुठेच सापडत नाही, असं एका पालथ्या ताईंनी मला पडल्या पडल्या समजावलं. माणसं बेशुद्ध नव्हती, फोटो काढत होती. थोडक्यात, एक आख्खी जात मी त्या दिवशी बसून संपवली असती. तेव्हापासून क्लबात माझी ओळख 'फुलावर बसणारे काका' अशी आहे, खरं तर मी बसलो नव्हतो.

एवढ्यावर मी थांबायला हवं होतं. पण छापखान्याच्या माणसाला एक खोड असते, एकदा छापलेली चूक पुढच्या अंकात तरी दुरुस्त होईल असं त्याला वाटत राहतं. पत्रकात अंजनेरीच्या खाली हरिहर किल्ला होता, श्रेणी 'मध्यम'. मी हिशेब केला, सोपी म्हणजे जर हे, तर मध्यम म्हणजे यापेक्षा थोडं जास्त.

हरिहरच्या कातळात कोरलेल्या पायऱ्या ऐंशी अंशांत उभ्या आहेत. ऐंशी अंश म्हणजे काय ते कागदावर काढून बघा. मी काढलं होतं, तरी खाली उभं राहिल्यावर तो कोन नव्वदच्या पुढे झुकल्यासारखा वाटत होता. पायऱ्यांना हात घालायला खोबण्या आहेत, हे ज्यानं कोरलं त्याचे उपकार. आमच्याबरोबर नाशिकरोडच्या नोटप्रेसमधून निवृत्त झालेले एक काका असतात. जन्म नोटा मोजण्यात गेला, आता पायऱ्या मोजतात. माझ्या पुढे तेच होते. "एकाहत्तर... बहात्तर..." असा संथ आवाज वरून येत होता आणि माझ्या डोळ्यांसमोर फक्त त्यांच्या बुटांचे तळवे. मध्येच ते थांबले. मला वाटलं, काकांना चक्कर आली. खाली न बघता ते म्हणाले, "अहो, बहात्तर झाले होते की त्र्याहत्तर?" मी दोन्ही हात खोबणीत घालून कड्याला पालीसारखा चिकटलेला. म्हटलं, "त्र्याहत्तर काका, त्र्याहत्तर!" त्यांनी विचार केला आणि म्हणाले, "नाही, खात्री नाही." नशीब, परत खाली जाऊन पहिल्यापासून मोजू म्हणाले नाहीत.

पायऱ्या संपल्या की दरवाजा, दरवाज्यातून कड्याच्या पोटातली वाकून जायची वाट, आणि त्यानंतर, हो, पुन्हा पायऱ्या. माथ्यावर वारा होता, टाकी होती, काकडी विकणारी एक बाई होती, मीठ-मिरची लावून दहा रुपयाला एक. पहाटे डोक्यावर पाटी घेऊन, पायात स्लिपर, ती त्याच पायऱ्यांनी आली होती. मी तिला विचारलं, "मावशी, भीती नाही वाटत?" ती म्हणाली, "कशाची?" मी दोन काकड्या घेतल्या आणि विषय वाढवला नाही. खरी परीक्षा उतरताना असते, कारण तोंड कड्याकडे करून उलटं उतरायचं असतं. सत्तेचाळीस वर्षांच्या माणसानं पुढची पायरी पायाच्या अंगठ्यानं चाचपडत शोधायची. खालून दाढीवाला ओरडून सांगत होता, "काका, अजून थोडं खाली, अजून थोडं, बास!" डावीकडे काय होतं ते मी पाहिलं नाही. बायको विचारते, दरीचा फोटो का नाही काढला. माझ्याकडे हरिहरचे एकूण सात फोटो आहेत. सातही काकडीचे.

त्यानंतर मी शहाणा झालो आणि नावावरून किल्ले निवडायला लागलो. आपल्या जिल्ह्याच्या नशिबानं झोपेची नावं असलेले दोन किल्ले अगदी हाताशी आहेत. एक सिन्नरच्या पलीकडे अकोले तालुक्याच्या हद्दीवरचा पट्टा, म्हणजेच विश्रामगड, आणि दुसरा पेठ रस्त्यावरचा रामशेज, रामाची शेज. एवढ्या गडांमध्ये हे दोनच असे भेटले जे कुणी विसाव्यासाठी वापरले. पट्ट्यावर १६७९ साली जालन्याच्या स्वारीहून परतताना शिवाजी महाराज थांबले होते, विश्रांती घेतली होती. मी म्हटलं, जिथं महाराज विसावले तिथं आपण तासभर आडवे झालो तर इतिहासाला धरूनच होईल. चादर घेतली, दशम्या घेतल्या. वर पोहोचलो, पवनचक्क्या बघितल्या, चादर अंथरली, तर लीडर म्हणाला, "चला, शेजारचा औंढा किल्ला पण करायचाय." पत्रकाच्या खालच्या ओळीत 'वेळ उरल्यास औंढा' असं होतं म्हणे. ती ओळ मी सात पॉइंटच्या टायपात छापली होती. अक्षर लहान छापलं की त्यात काय दडतं हे मी दुसऱ्यांना किती वेळा सांगितलंय.

रामशेज मात्र खरोखर सोपा आहे. १६८२ पासून पुढे पाच-साडेपाच वर्षं मोगल फौजेला जो किल्ला घेता येईना, तो आम्ही आशेवाडीतून गप्पा मारत चढलो. (तेव्हा वरून दगड येत होते, हा फरक मान्य.) पण रामशेजच्या पुढे पत्रकात 'श्रमदान' असा शब्द होता. टाक्यातला गाळ काढायचा. गाळ उन्हाळ्यातच काढावा लागतो, पाणी तळाला गेलेलं असतं म्हणून. म्हणजे मे महिना, कातळ तापलेला, आणि शेजेवर आम्ही घमेली घेऊन.

टाक्यात उतरणारे, भरणारे, आणि वर हातोहात सरकवणारे अशी साखळी असते. छापखान्यात राहून काम न करता कामात दिसायची एक कला येते, ती वापरून मी साखळीचं शेवटचं टोक धरलं, जिथून रिकामी घमेली परत जातात. हलकं काम. पाऊण तासानं लक्षात आलं की जितकी भरलेली येतात तितकीच रिकामी जातात, आणि भरलेली ओतायला जे टोक लागतं तेही मीच धरलेलं आहे. नोटप्रेसचे काका सावलीत बसून मोजत होते. "चारशे बारा," त्यांनी संध्याकाळी जाहीर केलं. या वेळी खात्री होती. गाळातून काय काय निघालं! प्लॅस्टिकच्या बाटल्या किती ते विचारू नका, एक मोबाइल, एक चष्मा, आणि कुणीतरी प्रेमानं टाकलेलं, दोन नावं कोरलेलं कुलूप, किल्लीशिवाय. पावसाळ्यानंतर त्या टाक्याकडे पुन्हा गेलो तर पाणी दिसत होतं. मी दोन-तीन अनोळखी लोकांना सांगितलं, "हे आम्ही साफ केलंय." त्यातल्या एकानं विचारलं, "पिता येतं का?" मी म्हटलं, "तसं नाही, पण बघा किती स्वच्छ आहे."

श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीची फेरी असते. वीसेक किलोमीटर, रात्रीपासून माणसांची रांग लागते, ओम नमः शिवाय, पाऊस, चिखल. आम्ही त्यानंतरच्या रविवारी पोती घेऊन त्याच वाटेनं जातो आणि मागे राहिलेलं गोळा करतो. पातळ प्लॅस्टिकचे एकदा वापरायचे रेनकोट, फराळाच्या पिशव्या, आणि चपला. चपला एकेक सुट्ट्या. जोड कधीच सापडत नाही. मी दर वर्षी विचार करतो की तो माणूस एका चपलेवर उरलेली फेरी कशी पुरी करतो, आणि घरी कोणत्या तोंडानं सांगतो. चिखलानं चप्पल धरली की ती परत मिळत नाही, हे मला पहिल्या वर्षी कळलं. दुसऱ्या वर्षी जे पोतं मी भरलं त्यात माझीही एक होती.

या सगळ्यात एकच गोष्ट पत्रकात कधी छापलेली नसते आणि तरी ती कधी चुकत नाही, परतीची मिसळ. कुठल्या मिसळीवर थांबायचं यावरून गाडीत जे होतं ते मी लिहीत नाही. क्लबात दोन तट आहेत. काळ्या रश्श्यावाले आणि लाल रश्श्यावाले. कड्यावर एकमेकांना हात देणारी माणसं गंगापूर रोड लागला की एकमेकांकडे बघत नाहीत. बायकोचं या सगळ्यावर एकच म्हणणं असतं, "जाताच आहात तर येताना गावातून कोथिंबीर आणा." हरिहरहून आणलेल्या कोथिंबिरीच्या तीन जुड्या तिनं शेजारणीला दाखवल्या. हरिहरबद्दल कुणी विचारलं नाही.

तर आता यंदाचं पत्रक. गेल्या आठवड्यात दाढीवाला दुकानात आला, म्हणाला, "काका, या वेळी मजकूर तुम्हीच लिहा. तुम्ही आता अनुभवी." मला भरून आलं. रात्री दुकान बंद केल्यावर मी बसलो आणि सगळं खरं लिहिलं. 'साल्हेर. १५६७ मीटर, महाराष्ट्रातला सर्वांत उंच किल्ला. सटाण्याच्या पुढे, म्हणजे गाडीतच अर्धा जीव जाईल. १६७२ साली मराठ्यांनी इथं मोगलांना मोकळ्या मैदानात हरवलं, पण ते पायथ्याशी. तुम्हाला वर जायचं आहे. दम लागेल. माथा तीनदा आल्यासारखा वाटेल आणि आलेला नसेल. उतरताना गुडघे बोलतील. श्रेणी : रडवेल.'

दाढीवाल्यानं वाचलं. पुन्हा वाचलं. मग खिशातून मोबाइल काढून हिशेब दाखवला. गाडी सतरा सीटची. सतरा जण आले तर माणशी अमुक, नऊ जण आले तर माणशी जवळजवळ दुप्पट. "आणि काका, दुप्पट म्हटलं की ते नऊही गळतात." मी बावीस वर्षं धंदा केलाय. मला फार समजावून सांगावं लागलं नाही. 'दम लागेल' काढलं. 'गुडघे बोलतील' काढलं. 'माथा तीनदा' या ओळीच्या जागी 'विहंगम दृश्य' बसवलं, अक्षरंही जवळपास तितकीच भरली. शेजारच्या सालोटा किल्ल्याची ओळ खाली टाकली, 'वेळ उरल्यास'. सात पॉइंट.

काल प्रती वाळत ठेवल्या होत्या, तेवढ्यात शेजारचे भांड्यांच्या दुकानातले शेठ आत आले. एक प्रत उचलली, चष्मा कपाळावर नेला आणि बोट लावून वाचत गेले. बोट साल्हेरवर थांबलं.

"काय हो, हे सोपी-मध्यम म्हणजे मला जमेल ना? गुडघा जरा कुरकुरतो."

काउंटरवर पेन पडलेलंच होतं.

"आरामात जमेल शेठ," मी म्हटलं. "नाव सांगा."